पायलीनं मोजलेलं अकोला

दसरा जवळ आला की हिंगोलीच्या हवेत पिवळट धूळ तरंगायला लागते. मोंढ्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरांची रांग आमच्या घरावरून जाते. ट्रॉलीतल्या पोत्यांवर, डोक्याला रुमाल बांधलेली माणसं अर्धवट झोपेत डुलत असतात. सकाळी पुसलेली फरशी दुपारपर्यंत पायाला खरखरीत लागते आणि सासूबाई सोयाबीनच्या नावानं बोटं मोडतात. मी मात्र खिडकी लावत नाही. आश्विनातलं चिडकं ऊन चढत जातं, लांब कुठेतरी मळणीयंत्र घुमायला लागतं, आणि तो आवाज ऐकला की मला अकोल्याला जावंसं वाटतं. अकोल्यात माझं कुणीही नाही.

तिथे मी एकदाच गेले. त्या एका दिवसासाठी काकू आणि मी अख्खा हंगाम पैसे जमवत होतो. पैसे तरी कसले, शेंगाच जमवत होतो. लोक अकोल्याचं अंतर किलोमीटरमध्ये सांगतात, काकूनं ते धान्याच्या मापानं, पायलीनं मोजलं होतं.

त्या वर्षी माझं बी.एड. झालं होतं आणि शिक्षकभरतीची जाहिरात काही निघत नव्हती. शिकलेली पोरगी घरात बसली की सगळ्या गावाला काम लागतं. येणारा-जाणारा दारात थांबून विचारायचा, "लागली का कुठं?" आई उत्तरं देऊन देऊन थकली. एका सकाळी तिनं माझ्या हातात जुनी पिशवी कोंबली आणि म्हणाली, "जाय, काकूसंगं सरव्याला जाय. हातपाय तरी हालतील."

काकू म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची बायको, प्रयागकाकू. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावात तिचं घर आमच्या घराला लागूनच आहे, मध्ये फक्त एक गोठा. काकूला लेकरू झालं नाही. तिच्यासमोर ही गोष्ट कुणी काढत नसे आणि तिच्या माघारी काढल्याशिवाय कुणाला राहवत नसे. ती मात्र अंगणातून चालली तरी चार बायांना कामाला लावून पुढे जायची, इतकी तिची जीभ तिखट आणि पाय चपळ.

सोयाबीन कापून, गंजी लावून, मळून घरी गेलं की रानात जे सांडलेलं उरतं त्याला सरवा म्हणतात. तुटून पडलेल्या शेंगा, विळ्यातून निसटलेलं एखादं झाड, मळणीच्या जागी मातीत मिसळलेले दाणे. जो वेचील त्याचा. शेत कुणाचंही असो, सरव्याला मालक नसतो. बाईनं आपल्याच रानात वेचला तरी तो तिचाच, आणि त्या पैशाला घरातला पुरुष हात लावत नाही. काकाची एवढी शेती, पण काकूनं स्वतःचे म्हणून खर्च केलेले पैसे सगळे सरव्याचेच होते.

सरवा रानावर दहिवर, म्हणजे दव, असेतोवर वेचायचा. उन्हं चढली की वाळलेली शेंग बोट लागताच तडकते आणि दाणे उडून जातात. म्हणून आम्ही झुंजूमुंजू असतानाच निघायचो. कापलेल्या रानातली धसकटं ओली असायची, त्यांच्यावर कोळ्यांनी विणलेली जाळी पांढरी दिसायची, आणि लुगड्याचा काठ भिजून जड व्हायचा. मातीला एक गोडसर, किंचित कुजका वास असायचा. अजून कुणी जागं नाही, पलीकडच्या माळावर मेंढरांच्या एखाद्या कळपाची चाहूल तेवढी, आणि आम्ही दोघी वाकून, एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर. वाकलं की डोकं रिकामं होतं. मी कधी भरतीचा विचार करायची, कधी कसलाच नाही. अजूनही कधी झोप येत नसेल तर मी डोळे मिटून त्या रानात वाकते.

मध्येच काकू कमरेवर हात ठेवून उभी राहायची, पिशवीचं वजन हातानं जोखायची आणि जाहीर करायची, "चल, जीपचं भाडं झालं."

"अजून रेल्वेचं राहिलं," मी म्हणायची.

"रेल्वे उद्या."

जाण्या-येण्याला दीड पायली. वर्गणी माणशी दोन पायल्या. वरखर्चाला एक. असा तो काकूचा अंदाज होता आणि तो तिनं कुठे लिहून ठेवला नव्हता. अडचण एवढीच की सोयाबीनचा भाव रोज हलायचा. संध्याकाळी काका मोंढ्याहून भाव ऐकून यायचा आणि पायऱ्यांवर चपला काढता काढता सांगायचा. भाव चढला तर काकू माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवायची. उतरला की म्हणायची, "गेलं अकोला दोन ठेसनं मागं." काका हसायचा. "बाजारात तुरी," म्हणायचा, आणि पुढची म्हण काकूच्या नजरेला भिऊन गिळून टाकायचा.

अकोल्यात होता रेडिओच्या श्रोत्यांचा मेळावा.

रोज संध्याकाळी गाण्यांच्या फर्माइशीचा एक कार्यक्रम लागतो. गाण्याआधी ते मागणाऱ्यांची नावं वाचतात, गावासकट. आता हे ऐकतं कोण, असं मी आता शिकवते त्या शाळेतल्या शिक्षिका विचारतात. ऐकतात. तिन्हीसांजेला धारा काढताना, दुकानाचं शटर ओढताना, शेतातल्या आखाड्यावर एकटं बसलेलं असताना ऐकतात. काकूला गाण्यांचं फारसं वेड नव्हतं. ती नावांसाठी ऐकायची. बऱ्हाणपूरचं एक भलंमोठं कुटुंब, ज्यांची नावं संपेपर्यंत चूल पेटायची. अंजनगावच्या तिघी बहिणी. खांडव्याचा एक सलूनवाला, जो नेहमी दुःखीच गाणी मागायचा. अकोटाकडचे एक मास्तर आणि त्यांचं घर. वर्षानुवर्षं ही नावं कानावर पडून काकूच्या मनात त्यांची घरंदारं उभी राहिली होती. सरवा वेचता वेचता ती मला सांगायची, की अंजनगावच्या बहिणींपैकी थोरली आता माहेरी परत आलीय.

"तुला कसं ठाऊक?"

"मधी तिचं नाव येत नव्हतं ना. आता पुन्ना तिघींचं येऊन राहिलं."

सलूनवाल्याचं लग्न मोडलं असणार हेही तिनं ठरवून टाकलं होतं. मला ते सगळं खरं वाटायचं. धुकं हळूहळू वर उचललं जायचं, लांबची बाभूळ आधी दिसायची, मग विहीर, मग गाव, आणि त्या ओल्या उजेडात बऱ्हाणपूर आणि अंजनगाव आमच्या बांधापलीकडेच असल्यासारखी वाटायची.

तर या मेळाव्याचं आमंत्रण काकूला आलं होतं. ते कसं आलं आणि त्यात काय घोळ झाला, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

मी शाळेत होते तेव्हा काकूनं रेडिओला पहिलं कार्ड धाडलं. सातवी शिकलेली बाई, अक्षर ठसठशीत. गाण्याचं नाव लिहिलं, गाव-तालुका लिहिलं आणि मग नावं लिहायला बसली. दत्तराव. प्रयागबाई. आणि पेन थांबलं. रेडिओवर नावं यायची ती चार-पाच एका दमात यायची, मागं चिंटू-पिंकी-बबलूची शेपटी असायची. नुसती दोन नावं म्हणजे कार्ड रिकामं दिसत होतं. तिनं मान वर केली. समोर गोठ्यात दावणीला दोघं कडबा खात उभे होते. त्यांची नावं तिनं लिहून टाकली. चंदर आणि हिरा.

आमचा रेडिओ तसाही गोठ्यातच असायचा, खुंटीला टांगलेला, काकूनं शिवलेल्या फुलाफुलांच्या झोळीत. ऐकणारे चार होते, चौघांची नावं गेली, यात गैर काय, असं ती म्हणायची. महिन्याभरानं निवेदकानं ती वाचली. भारदस्त, ऊबदार आवाज. "ज़िला हिंगोली से दत्तराव, प्रयागबाई, चंदर और हिरा." काका चारा टाकता टाकता तसाच उभा राहिला. मग दोघं इतके हसले की आई काय झालं म्हणून भिंतीवरून बघायला आली. पुढे कार्डं गेली, फोन आले, आता मोबाइलवरून निरोप जातात. नावं तीच राहिली. पहिला चंदर म्हातारा होऊन गेला तेव्हा काकानं आणलेल्या नव्या गोऱ्ह्यालाही चंदरच म्हटलं, हिऱ्याचंही तसंच. शेतकऱ्याच्या घरी ही काही नवलाची गोष्ट नाही. पण त्यामुळे रेडिओवर ते दोघं कधी थांबलेच नाहीत.

मग कुणीतरी श्रोत्यांचा मोबाइलवर गट काढला, त्यात मी काकूला घातलं, आणि दसऱ्याच्या आधी निरोप आला की दिवाळी झाल्यावर अकोल्यात मेळावा आहे, एका मंगल कार्यालयात, दिवसभर. चहा, नाश्ता, जेवण, नावाचे बिल्ले, आणि तोच निवेदक, आता निवृत्त झालेला, प्रत्यक्ष येणार. वर्गणी माणशी. खाली कुटुंबांची नावं होती आणि आमच्या गावापुढं लिहिलं होतं, माणसं चार.

मी वाचून दाखवलं तेव्हा काका आडवा होऊन हसला. "घेऊन जाय त्यायला. रेल्वेत बसव खिडकीपाशी. पेंडीचा खर्च वाचंल, तिथं जेवण हाये."

काकूनं त्याला धपाटा घातला, पण तिचे डोळे मोबाइलवर होते. "बिल्ल्यावर नाव लिव्हून देत्यात?" तिनं विचारलं. त्याच दिवशी तिनं पायल्यांचा अंदाज बांधायला घेतला. मी म्हटलं, काकाला माग की, तो काय नाही म्हणतो? ती म्हणाली, "त्यानं दिले तर ते त्याचं अकोला व्हईल."

एवढी ओढ मी तोवर कुणात पाहिली नव्हती. देवाला जाणारी माणसं पाहिली होती, लग्नाला निघालेली पाहिली होती. पण ज्यांचा चेहराही ठाऊक नाही अशा चाळीस-पन्नास माणसांना भेटण्यासाठी ओल्या रानात वाकलेली बाई मी पहिल्यांदाच बघत होते. तेव्हा मला त्याची गंमत वाटायची. आता मी नोकरी करते, सुटीत फिरायला जायचं ठरलं की नवरा मोबाइलवर हॉटेलं बघत बसतो, आणि मी मनातल्या मनात विचारते, याला किती सकाळी लागतील. तसा खर्च काढला की पुष्कळ ठिकाणी जावंसंच वाटत नाही, आणि काही ठिकाणी फार वाटतं.

परतीच्या पावसानं त्या वर्षी एकदा गाठलंच. दुपारचे ढग अचानक काळे झाले, अंगणात वाळत घातलेल्या आमच्या शेंगा, पलीकडे रानात काकाची गंजी, आणि घरात ताडपत्री एकच. काकू ती काखेत मारून रानाकडे धावायला निघाली. सरवा भिजला तर शेंगांना कोंब फुटून सगळं वाया जाणार होतं, पण गंजी म्हणजे वर्षाचं पोट. तेवढ्यात काका मोटारसायकलवरून आला तो गंजी झाकूनच. शेजाऱ्याची ताडपत्री मागून घेतली होती त्यानं. फाटकातूनच ओरडला, "काहून पळून राहिली? आधी अकोला झाक, अकोला!" आम्ही तिघांनी मिळून ते झाकलं. टपोरे थेंब ताडपत्रीवर वाजत होते आणि काकू चिंब भिजून हसत होती.

दिवाळी तोंडावर आली. शेंगा काठीनं बडवून, सुपानं पाखडून, काकूनं पायल्या मोजल्या. बसत होतं. दशम्या घरूनच न्यायच्या, म्हणजे वाटेत खायचा खर्च नाही. नवी साडी नाही, माहेरची जांभळी आहे. एक नारळ निवेदकासाठी, तो घरात होताच. अंथरूण पाहून पाय पसरायचे असं ठरवूनही पाय पुरेसे पसरत होते. आम्ही शेवटच्या रानात शेवटचा हात फिरवत होतो आणि काकूचा फोन वाजला.

मी आवाज मोठा करून फोन तिच्यापुढं धरला.

"ताई, राम राम. मी अकोटाकडचा मास्तर बोलून राह्यलो. रेडिओवाला."

काकूनं पदर डोक्यावर घेतला. फोनवरच. "राम राम, भाऊ."

मास्तर आधी पाऊसपाणी बोलले, मग सोयाबीन, मग कापूस. मग जरा खाकरले. "ताई, एक ईचारू का? तुमची हिरा आता लग्नाची झाली असंन ना? मी मोजतच आलो जी. पयल्यांदा तिचं नाव आलं तवा माहा पुतण्या पाटीवर ग म भ न काढे. आता अकोल्यात पाण्याच्या मोटरा दुरुस्त करते, सोताचं दुकान हाय. सुपारीचं खांड खात नाई. तुमचं आडनाव पाह्यलं म्या त्या गटात, सोयरीक जमते आपली. मेळाव्याले पोरीले घेऊनच या. पाह्यनंबी होऊन जाईन."

काकूनं शेंगांची पिशवी खाली ठेवली. म्हणाली, "बघू, भाऊ. भेटल्यावर बोलू." आणि मी फोन बंद केला.

मी धसकटांवर बसून हसले. हिरा, म्हणजे आमचा तो पाठीवर काळा ठिपका असलेला, गव्हाणीत शिंगं घासणारा हिरा, नवरी होऊन पाटावर बसलाय असं डोळ्यापुढं येत होतं आणि मला श्वास घेता येत नव्हता. काकूही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग हसता हसता खाली वाकली आणि शेंगा वेचायला लागली, आणि रान संपेपर्यंत वाकलेलीच राहिली.

जायचं की नाही हा प्रश्न आता पैशांचा राहिला नव्हता. मला ते त्या रात्री जेवताना कळलं. गेली तर तिला त्या माणसापुढं उभं राहून सांगावं लागणार होतं, की हिरा नाही, चंदर नाही, आम्हाला लेकरूच नाही. उभ्या जगात हीच माणसं होती ज्यांनी तिला कधी मूल नसलेली बाई म्हणून पाहिलं नव्हतं. त्यांच्यासमोर तिला ते आपल्या तोंडानं म्हणावं लागणार होतं.

काकानं त्याच्या परीनं वाटा सुचवल्या. "दिली म्हणून सांग."

"कुठं दिली म्हणू? बैलबाजारात?"

"मंग म्हणावं, कामात हायेत दोघं. खोटं हाये का? सकाळपासून वखराला जुंपलेत."

"इतक्या वर्सांची वळख. त्यायच्या तोंडावर थापा मारू?"

मी म्हटलं, मी फोन लावते, सांगून टाक आणि मोकळी हो. काकूनं माझ्याकडे अशी नजर टाकली की माझं बी.एड. क्षणात फुकट गेलं. "सोयरीक घेऊन आलेल्या माणसाला फोनवर न्हाई म्हणत्यात व्हय? समोर बसवून, चहा पाजून, टॉवेल-टोपी देऊन न्हाई म्हणावं लागतं. दारचा मान असतो तो."

"पण पोरगीच नाही तर दार कुणाचं?"

"त्यानं तर इचारलंय ना," ती म्हणाली.

म्हणजे खर्चात टॉवेल-टोपी वाढली. त्यासाठी एक पायली कमी पडत होती. भाव नेमका पडलेला. काकू दुसऱ्या दिवशी पहाटे एकटीच पुन्हा रानात गेली, जिथं आमचं दोनदा वेचून झालं होतं. मी मागून पोचले तेव्हा ती जमिनीवर बसून, धसकटांच्या मुळाशी बोटं घालून एकेक दाणा काढत होती. मी शेजारी बसले. त्या दिवशी आम्हाला बऱ्हाणपूरही दिसलं नाही आणि अंजनगावही. नुसते दाणे दिसत होते, मातीच्या रंगाचे झालेले. ती मध्येच थांबायची आणि मला वाटायचं, आता म्हणेल, राहू दे, नाही जायचं. ती म्हणाली नाही.

हिंगोलीहून सकाळची गाडी. वाशीमपर्यंत खिडकीतून कापलेली रानं जात होती, जागोजागी नांगरलेली काळी माती, मध्येच तुरीचा हिरवा पट्टा. काकूच्या मांडीवर दशम्यांचा डबा आणि पिशवीत टॉवेल-टोपी. तिला खिडकी दिली होती पण ती बाहेर बघत नव्हती. ओठ हलत होते. बोलायचं वाक्य ती घोळवत होती.

मंगल कार्यालयाच्या दारातच टेबल होतं. आम्ही दोघींचीच वर्गणी भरली होती, पण बिल्ले छापून झालेले होते, चारही, सुबक अक्षरात, कोपऱ्यात रेडिओचं चित्र. टेबलामागच्या बाईनं आनंदानं आमच्या मागं पाहिलं. "बच्चे नहीं आए?" काकूनं मान हलवली, आपला बिल्ला लावला आणि उरलेले पिशवीत टाकले.

आत काय चाललं होतं ते मला नीट सांगता येणार नाही. माणसं एकमेकांच्या छातीवरचे बिल्ले वाचत फिरत होती आणि वाचता वाचता ओरडत होती. "अरे, आप!" अनोळखी माणसं गळ्यात पडत होती. खांडव्याचा सलूनवाला लठ्ठ आणि अतिशय आनंदी निघाला, बायको आणि तीन मुलींसह. अंजनगावच्या बहिणी बहिणी नव्हत्याच, सासू आणि दोन सुना होत्या. काकूनं त्यांना सगळ्यांना हातानं चाचपून पाहिलं, फळाला पाहावं तसं. निवेदक बुटका होता, कान झाकणारी टोपी घातलेला, पण तोंड उघडलं आणि सगळ्या सभागृहाच्या अंगावर काटा आला. आमच्या गोठ्यातलाच आवाज तो. मी काकूकडे पाहिलं. ती ऐकत नव्हती. ती दाराजवळ उभ्या असलेल्या एका उंच, वाकलेल्या माणसाकडे बघत होती, आणि तो बिल्ले वाचत आमच्याचकडे येत होता.

जेवणाआधी आम्ही तिघं मागच्या पायऱ्यांवर बसलो. काकूनं मला चहा आणायला पाठवलं आणि पैसे तिनं दिले. मास्तरांनी सदऱ्याची वरची गुंडी लावून घेतली होती. इकडे-तिकडे बघत होते. "पोरगी मांगून येते का?"

काकूनं त्यांना चहा पिऊ दिला. मग टॉवेल-टोपी त्यांच्या हातात ठेवली, पदराचं टोक कपाळाला लावून त्यांना नमस्कार केला, आणि गाडीत घोळवलेलं सगळं वाक्य विसरून म्हणाली, "भाऊ, हिरा आमचा बैल हाये. चंदरबी. आमाला लेकरू न्हाई."

मास्तर हसले. मग आमच्या तोंडाकडे पाहून त्यांचं हसू हळूहळू उतरलं. टोपी हातात तशीच राहिली. आतून टाळ्यांचा आवाज येत होता.

"म्हंजे हिरा नाईच?" ते म्हणाले.

"न्हाई, भाऊ."

"माह्या बायकोले पोरीची लय हाऊस होती जी. पोरंच झाले दोन्ही, त्यायचे लग्नंबी होऊन गेले. तुमचं नाव आलं का ते म्हणे, आली पाहा हिरा. आजारी होती तवाबी ऐके. तिनंच म्हटलं होतं मले, हे पोरगी आपल्या घरात आना म्हून." ते थांबले. "आता दोन वर्सं झाले तिले जाऊन. मी तिचं बोलनं पाळाले निंगालो होतो."

मला वाटलं, काकू आता माफी मागेल. मी तिच्या दंडाला हात लावला.

"ते नाव वाचस्तोवर मलाबी पोरगी असायची, भाऊ," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी वाट बघायची मी. नाव आलं की वाटायचं, आली. गाणं सुरू झालं की मंग न्हाई."

मास्तरांनी मान खाली घातली. कुणीतरी जेवायला चला म्हणून हाक मारून गेलं तरी आम्ही हललो नाही. मग त्यांनी डोळे पुसले, ती नवी टोपी झटकून डोक्यावर घातली आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पुतण्या चांगला हाय हो माहा. लय चांगला हाय."

काकूनं पदर सारखा केला, ताठ बसली, आणि मुलीच्या आईनं बोलावं तशी सावकाश, वजनानं बोलली.

"असंलच, भाऊ. तुमच्या पुतण्याला आमची हिरा बराबर शोभली असती."